बाजूचा कोळसा

डिमेलो अंकल आज कोळशाच्या बाजूनं बोलणार, असं अप्पांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी तेलाच्या."

डिमेलो अंकल खिडकीशी उभे होते. माझगावच्या टेकडीवरच्या आमच्या त्या खिडकीतून गोदीतल्या क्रेनची नुसती टोकं दिसायची. त्या टोकांकडे बघतच ते म्हणाले, "माझ्याकडे बघू नको, बाय. तुझ्या बापाच्या डोक्यातलं खूळ आहे हे. तीस वर्षं मी तेल तेल करून ओरडतोय, आणि आज म्हातारा म्हणतो, तेल मला दे."

"वय झालं की माणूस शहाणा होतो," अप्पा म्हणाले.

"सगळे होत नाहीत. मी कुठे झालो?"

मी पाट टेबलावर ठेवला. त्या पाटावर अप्पांनी फार पूर्वी एका जहाजाची आकृती रंगवली होती. वरून पाहिल्यावर दिसते तशी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. शेजारी चिंचोक्यांचा डबा ठेवला. आईनं माझ्या सारीपाटासाठी जमवलेले ते चिंचोके अप्पांनी मी सात-आठ वर्षांची असताना पळवले होते. आई त्यावरून पुढची कितीतरी वर्षं बोलत असे.

अप्पा आणि डिमेलो अंकल एकाच गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात शेजारशेजारच्या फळ्यांवर काम करत निवृत्त झाले. तिथे त्यांनी आयुष्यभर पाइपांचे, झडपांचे आणि जिन्यांचे नकाशे काढले. त्यांचा जीव मात्र होता पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या हलक्या क्रूझरांवर. याच नौकांवर का, हे मी एकदा विचारलं होतं. अप्पा म्हणाले होते, मोठ्या युद्धनौकेला मागेल ते मिळतं. छोट्या विनाशिकेकडून कुणी फारशी अपेक्षा ठेवत नाही. क्रूझर मधली. तिनं दूर जायचं, जोरात जायचं, तोफा वाहायच्या, मार खायचा. आणि एवढं सगळं करायला तिला वजन द्यायचं ते मोजकं.

"म्हणजे मधली सून," आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती. ती स्वतः केळुसकरांची मधली सून होती.

रविवारच्या डावात प्रत्येकानं आपली क्रूझर मांडायची. एक चिंचोका म्हणजे शंभर टन. दोघांना सारखेच चिंचोके. त्यातून इंजिन, तोफा, चिलखत, इंधन असे वाटे करून पाटावर जागच्या जागी मांडायचे आणि समोरच्यानं त्यातली खोट काढायची. साल एकोणीसशे बारा. त्यानंतर जगात जे घडलं ते कुणाला माहीत नाही असं धरायचं. बोलता बोलता कुणी पुढच्या लढाईचा दाखला दिला, की दुसऱ्यानं हात वर करून ओरडायचं, "बारा साल!" आणि तो मुद्दा बाद. पंचानं शेवटी निकाल द्यायचा, पण कारण सांगून. कारण सांगता आलं नाही तर निकाल लागू होत नसे.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम पहिल्या वाक्याचा होता. आपलं जहाज काय काय करतं, ते आधी सांगायचं नाही. आधी आपण काय सोडलं ते सांगायचं.

हा नियम आमच्या घरात डावाबाहेरही चालत असे. मी गणित घेतलं तेव्हा अप्पांनी विचारलं होतं, "सोडलंस काय?" मी म्हणाले, "संस्कृत." त्यांनी मान हलवली. आईनं शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमधून घरी यायचं ठरवलं, तेव्हा तिनंही आधी सोडलेलं सांगितलं होतं. त्याला आता पाच वर्षं झाली होती.

पंच मी. आठव्या वर्षापासून.

अप्पा त्याच्याही आधीपासून कोळशावाले. त्यांचं म्हणणं असं: कोळशाची कोठारं जहाजाच्या दोन्ही बाजूंना, बॉयलरांच्या कडेनं ठेवायची. गोळा आला तर पोलादाचा पत्रा फोडून कोळशात शिरतो आणि तिथेच रुततो. आतली माणसं वाचतात. "जळणही तेच आणि ढालही तीच. फुकट मिळालेलं चिलखत," ते म्हणत. आणि पाटाच्या दोन्ही कडांना काळपट चिंचोक्यांची रांग लावत. "आधी आतल्या कोठारातला जाळायचा. बाजूचा शेवटी."

"आणि ते आतलं-बाहेरचं करायला भट्टीवरचे आगवाले कोण, तुझे मेहुणे?" डिमेलो अंकल विचारत. त्यांचं तेल जहाजाच्या तळाशी असे. हलकं, जहाजात भरायला सोपं, धुराचा लोट नाही, फावड्यांनी कोळसा ओढून अर्धमेली होणारी माणसं नाहीत, आणि वेग कितीतरी जास्त. पण बाजू उघड्या. आणि मी दर वेळी विचारायची, "अंकल, बाजूला काय आहे?" ते म्हणायचे, "बाजूला पातळ पत्रा आहे, आणि देवबाप्पा." आणि दर वेळी हरायचे.

त्या रविवारचा डाव मात्र नेहमीचा नव्हता.

बुधवारी रात्री जेवताना मी म्हणाले होते, "ग्लासगो सोडलं." सोडलेलं आधी, नियमाप्रमाणे. पाण्यातून जाणाऱ्या जहाजाला लाटा किती अडवतात त्याच्या गणितावर तिथे चार वर्षं काम करायची संधी मला मिळाली होती. ज्या नदीकाठी अप्पांच्या निम्म्या क्रूझरा बांधल्या गेल्या, त्या नदीकाठी. होकार कळवायची मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती.

"आणि घेतलंस काय?" अप्पांनी विचारलं.

त्यांच्या हातातला चमचा ताटावर टकटक वाजत होता आणि दहीभात मांडीवर सांडत होता. कंपवाताचं निदान होऊन दोन वर्षं झाली होती. आधी उजवा हात, मग उजवा पाय. मी सांडलेल्या भाताकडे पाहिलं, आणि मी पाहिलं ते त्यांनी पाहिलं.

"मला घेतलंस," ते म्हणाले.

"तसं नाही, अप्पा."

"तसंच आहे. रविवारी डाव मांडू. डिमेलोला बोलावतो. माझं जहाज हरलं तर तू राहा. मी एक शब्द बोलणार नाही. जिंकलं तर तू जायचं."

"पंच कोण?"

"तूच. दुसरा पंच कुठून आणू?"

मी हो म्हणाले. पंच मीच होते, आणि अप्पा कोळसाच मांडणार हे मला माहीत होतं. कोळसा जिंकला तरी सिद्ध माझंच म्हणणं होणार होतं. जहाजाच्या बाजूला भक्कम काहीतरी हवं, असं आयुष्यभर सांगणारा माणूस मला एकटीला जा असं कुठल्या तोंडानं पटवणार? मला वाटलं, ते मला राहायचं निमित्त देत आहेत.

म्हणून रविवारी "मी तेलाच्या" हे ऐकल्यावर मला आलेलं हसू फार वेळ टिकलं नाही.

"काम सांग," अप्पा म्हणाले. जहाजाला काय काम आहे ते पंचानं सांगायचं असे.

"तुम्हीच सांगा."

"नेहमीचंच दे. दूरच्या समुद्रावर, एकट्यानं."

अप्पांनी डब्यात हात घातला. चिंचोके बोटांत आले, पण पाटावर ठेवताना हात उडाला आणि निम्मे टेबलावरून खाली सांडले. मी वाकले.

"पंचानं हात लावायचा नाही," अप्पा म्हणाले.

डिमेलो अंकल गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत खाली बसले आणि एकेक चिंचोका वेचू लागले. "तीस वर्षांत पहिल्यांदा शत्रूचं जहाज बांधतोय," ते टेबलाखालून म्हणाले. "बोल, कुठे ठेवू?"

"इंजिनात दोन जास्त घाल."

"घातले."

"तोफा नेहमीच्या. पाणरेषेवर पोलादाची पट्टी."

"किती?"

"पातळ. तेल तळाशी."

"आणि बाजूला?"

"काही नाही."

डिमेलो अंकलनी मांडून झाल्यावर पाट माझ्याकडे फिरवला. जहाज विचित्र दिसत होतं. मधे सगळं, आणि दोन्ही कडा रिकाम्या. पाटाच्या लाकडाचा रंग दिसत होता.

मी चहा आणला. कप टेबलावर ठेवले आणि माझ्या खुर्चीवर बसले. ते दोघं समोर, शेजारीशेजारी.

"आधी सोडलेलं सांगा," मी म्हणाले.

"बाजूचा कोळसा," अप्पा म्हणाले.

एवढंच. एरवी ते दोन-तीन गोष्टी सांगत.

डिमेलो अंकलनी आपल्या जहाजासाठी सोडलेलं सांगितलं: वेग. मग त्यांनी कोळशाची बाजू मांडायला सुरुवात केली, आणि इतकी वाईट मांडली की मला राग आला. कोळसा आपल्या खाणीतला असतो, तेल परक्याच्या विहिरीतलं. कोळसा कुठेही मिळतो. कोळशाला आग लवकर लागत नाही. हे सगळं खरं होतं, पण ढालीबद्दल ते अक्षरही बोलले नाहीत.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"नाही झालं," अप्पा म्हणाले. "मेल्या, मुख्य मुद्दा कोण मांडणार? तुझा बाप?" मग माझ्याकडे वळले. "पंचाला अर्धवट ऐकवून निकाल घ्यायचा नाही. तो विसरला, म्हणून मी सांगतो. बाजूचा कोळसा गोळा अडवतो. भोक पडलं तरी पाणी आत यायला जागा राहत नाही. माझ्या या जहाजाला असलं काही नाही. एक गोळा बरोबर बसला तर बॉयलर गेला. हे धरून निकाल दे."

"मग तुमचं जहाज हरलं," मी म्हणाले. खरं सांगायचं तर आवाजात सुटका होती.

"थांब. मला उत्तर द्यायचा हक्क आहे ना?"

"आहे."

अप्पांनी उजवा हात डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता. ते सावकाश बोलले. त्या आजारात त्यांचा आवाज बारीक झाला होता. ऐकायला मला पुढे वाकावं लागलं.

"कोळसा ढाल असतो, कबूल. पण कधीपर्यंत? जळत नाही तोवर. जहाज जसजसं पुढे जातं, तसतशी ही ढाल भट्टीत जाते. जितकं दूर, तितकी बाजू रिकामी. नेमकं जिथे गरज, तिथे ती नसते. मग ढाल शाबूत ठेवायची तर एकच उपाय. जहाजानं बंदरात उभं राहायचं. कोळसा भरलेला, बाजू भक्कम, आणि नांगर टाकलेला." ते थांबले. "आपल्याला वाटतं कोळसा जहाजाला सांभाळतो. खरं तर जहाजच त्याला वाहत असतं. बंदरात उभं राहण्यासाठी क्रूझर बांधत नाहीत, मृणाल."

टेबल बारीक हलत होतं आणि बशांमधले कप किणकिणत होते. अप्पांचे दोन्ही हात मांडीवर होते, तरी कप वाजतच होते. मला वाटलं, पायाचा कंप आता वाढला. मी माझा कप उचलून हातात धरला.

"डिमेलो अंकल, यावर उत्तर?"

अंकलनी तोंड उघडलं. मग मिटलं. पाटाकडे बघत म्हणाले, "नाही."

मी कारण शोधत होते. अप्पांचं जहाज हरवायला एक कारण पुरलं असतं. मी त्या रिकाम्या कडांकडे पाहत राहिले आणि मला काही सापडलं नाही. कारणाशिवाय निकाल देता येत नव्हता. आणि आता हेही सांगायला हवं, की त्यांचं बोलणं मला पटलं होतं. मला वाटलं, कोळशाबद्दलचं स्वतःचं मत त्यांनी आयुष्याच्या या टोकाला खरोखर बदललं. असं मत बदलायला केवढं बळ लागत असेल! आणि ज्याच्याकडे एवढं बळ आहे तो माणूस माझ्यावाचून राहू शकेल.

"तेल," मी म्हणाले. "कारण, काम दूरचं आहे."

अप्पांनी मान हलवली. कप वाजायचे थांबले.

"चहा गार झाला," ते म्हणाले. "दुसरा टाक."

सप्टेंबरात मी गेले.

पहिल्याच महिन्यात मी त्या नदीकाठी जाऊन आले. फोनवर अप्पांना सांगितलं, "इथे आता काही नाही. ज्या उतारावरून जहाजं पाण्यात सोडायचे, तिथे गवत आहे."

"कसलं गवत?"

"गवत, अप्पा. हिरवं."

"उंच?"

"गुडघ्याएवढं."

"बरं," ते म्हणाले. फोनच्या मिनिटांचे पैसे जास्त पडतात म्हणून ते नेहमी लवकर ठेवत. त्या दिवशी ठेवला नाही. मग म्हणाले, "माती कशी आहे तिथली?" मी ती पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिली. काळी होती. जुन्या कोळशाच्या भुकटीनं.

अप्पा तिसऱ्या हिवाळ्यात गेले. मी पोचले तोवर सगळं झालं होतं. मालवणहून आलेल्या चुलतभावानं अग्नी दिला होता. दिवस झाले, माणसं पांगली, आणि तेराव्याच्या दुपारी डिमेलो अंकल जिना चढून आले. प्रत्येक वळणावर थांबत होते, ते आतून ऐकू येत होतं. आले आणि त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. मी चहा ठेवला.

"त्रास झाला का हो त्यांना?" मी विचारलं.

"झोपेत गेला. सकाळी मी पाव घेऊन आलो, तर दार आतून बंद." ते रोज येत होते. अप्पांची दाढी करत होते, शेवटी शेवटी भरवतही होते. हे मला तेव्हा कळलं. फोनवर दोघांनीही कधी सांगितलं नव्हतं.

"आणि रविवारचं?" मी म्हणाले. "डाव मांडायचात?"

"मांडायचो की. चिंचोके मी ठेवायचो, शिव्या तो द्यायचा."

"तेल कोण आणि कोळसा कोण?"

"तो कोळसा. मी तेल. दुसरं काय असणार?"

"पण त्यांना तर तेल पटलं होतं. त्या रविवारी."

"पटलं होतं?" ते हसले, मग हसणं अर्ध्यावर राहिलं. "बाय, तीस वर्षं तेलासाठी भांडलो. एकदा जिंकलो नाही. आणि ज्या दिवशी तेल जिंकलं, त्या दिवशी मी कोळशाच्या बाजूला बसलेला. माझं नशीब बघ." त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि नीट घडी करून परत ठेवला. "त्याच्या त्या बोलण्याला उत्तर होतं."

"कुठल्या?"

"ढाल वाचवायला बंदरातच उभं राहावं लागतं म्हणाला ना, त्या."

मी विचार करायच्या आधीच शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले. "आधी आतल्या कोठारातला. बाजूचा शेवटी."

"हां. जहाज जाऊन परत येतं, तोवर बाजूचा शाबूत. त्यानंच माझ्या डोक्यात घालून घालून घट्ट केलेलं."

लहानपणापासून दर रविवारी मी ते ऐकलं होतं. जेवताना, झोपताना, पाढ्यांसारखं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. जमलंच नाही मला. इतकं साधं उत्तर, आणि तू तशी बघत होतीस. तू विचारलंस तेव्हा तोंड उघडलं होतं मी." त्यांनी टेबलाखाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं. "त्याचा पाय केव्हाचा माझ्या पायावर होता. बोलायला लागला तेव्हापासून. तोंड उघडलं तसा आणखी दाबला. तू निकाल दिलास तेव्हा काढला."

"कप वाजत होते," मी म्हणाले.

"थरथरत होता ना पाय. पण दाबून धरला होता."

टेबल तेच होतं. पाट भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्या दोन्ही कडांना चिंचोक्यांनी घासून घासून पडलेले दोन फिकट पट्टे होते.

"अंकल," मी म्हणाले, "ते मला त्या दिवशी आठवलं असतं, तर मी..."

डिमेलो अंकलनी हात वर केला. पूर्वी करत तसाच, पंजा उघडून.

"बारा साल, बाय," ते म्हणाले.